त्याला म्हणे चढतच नाही!

दिवाळीचा फराळ आणि पाहुण्यांची वर्दळ यांच्या जोडीने अलीकडे पुष्कळ घरांतून आणखी एक बैठक बसते. ती बसते हे सारेजण जाणतात, आणि तिच्याविषयी बोलायचे सारेजण टाळतात. बाहेरच्या खोलीत करंज्या-चकल्यांच्या बश्या फिरत असतात, आणि गच्चीवर पुरुषमंडळींचे पेले भरत असतात. त्या गच्चीवरून एक वाक्य हमखास ऐकू येते. कोणा भावजींच्या, साडूंच्या नाहीतर हपीसातल्या साहेबांच्या पाठीवर थाप पडते आणि कोणीतरी म्हणते, "यांना काही चढतच नाही हो! कितीही घेऊ देत, आवाज वाढायचा नाही की पाऊल चुकायचे नाही." ज्यांच्याविषयी हे म्हटले जाते ते जरा ओशाळे हसतात, पण आतून सुखावतात. त्यांच्या पत्नीच्या कानांवरही ते पडते आणि खोटे कशाला बोला, तिलाही थोडे बरेच वाटते. आपला माणूस रस्त्यात लोळणाऱ्यांतला नाही, एवढे समाधान तिला पुरते.

मला आज बोलायचे आहे ते या वाक्याविषयी.

दारूचे दुष्परिणाम म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सुधाकर आणि तळीराम उभे राहतात. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून त्या काळी थिएटरेच्या थिएटरे रडली. त्या नाटकाने आपल्यावर उपकार केले यात शंका नाही. पण एक घोटाळाही झाला. दारुडा म्हणजे अडखळणारा, बरळणारा, बायकोवर हात उगारणारा, असे एक चित्र आपल्या मनात कायमचे बसले. त्या चित्रात जो बसत नाही तो दारुडा नव्हे, असा आपण सोयीस्कर अर्थ काढला. डॉक्टर मंडळी मात्र ज्याला पाहून सावध होतात तो तळीराम नव्हे. तो हा, ज्याला चढत नाही.

याचे कारण समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल. साठ मिलिलिटरचा 'बडा पेग', मग तो व्हिस्कीचा असो की रमचा, त्यात सुमारे २० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे ६० ग्रॅम. "आम्ही नुसती बिअर घेतो, काका," असे म्हणणाऱ्या भाचेमंडळींसाठी सांगतो, की शेकडा ८ प्रमाणाच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम, अर्थात दोन बडे पेग! आता हा सारा माल उपसायचा कोणी? ते काम मुख्यतः यकृताचे. आणि यकृत हा असा हमाल आहे की त्याला मुकादमाने कितीही ओरडा करावा, तो आपल्या चालीनेच पाट्या टाकणार. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, ही त्याची चाल. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यांनी माणूस जागा होईल. पण अंगातली दारू एका ग्रॅमने लवकर कमी होणार नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृताचा वेग थोडा वाढतो हे खरे, पण तो काही त्याला वाचवण्याइतका नव्हे.

मग चढत का नाही? कारण मेंदू सावध झालेला असतो. दारू मेंदूला मंद करते, पेंगवते. रोज संध्याकाळी कोणी आपल्याला पेंगवायला येते आहे हे ध्यानात आल्यावर मेंदू उलट्या बाजूने जोर लावू लागतो. स्वतःला अधिक जागा, अधिक उत्तेजित ठेवू लागतो. रस्सीखेच सुरू होते. एका बाजूला दारू ओढते, दुसऱ्या बाजूला मेंदू ओढतो, आणि मधला रुमाल जागच्या जागी राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो स्थिर रुमाल तेवढा दिसतो. तो म्हणतो, काय खंबीर माणूस आहे! दोन्ही बाजूंच्या तळहातांची सालटी निघताहेत, ते त्याला दिसत नाही.

आणि रस्सीखेचीत एका बाजूने दोर एकदम सोडला म्हणजे काय होते, ते शाळेच्या मैदानावर आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात कोडोली नावाचे मोठे गाव आहे. जोतिबाचा डोंगर जवळच. शेजारी वारणानगर, जिथे तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला. दिवाळीच्या सुमारास या भागात गाळपाच्या हंगामाची लगबग सुरू होते. रस्त्यांवर उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर, शेतात पालापाचोळा. साखर निघाली की मागे काळी दाट मळी उरते. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी, आणि एक टन मळी आंबवून गाळली की सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल. आपल्या देशात खपणारी बरीचशी दारू, तिच्या बाटलीवर कोणतेही साहेबी नाव असो, मुळात ही मळीच असते. म्हणजे करंजीतली साखर आणि गच्चीवरचा पेला ही एकाच उसाची भावंडे. कोडोलीकरांना हे सांगायला नको. शहरात आपण ते विसरतो.

या गावी आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. त्यांच्या थोरल्या भावाची ही हकिकत. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. गृहस्थ पंचेचाळिशीचे, पाच एकर ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर. कामाला वाघ. संध्याकाळी सातला सुरुवात, रात्री अकरापर्यंत तीन क्वार्टर. वरचा हिशेब आठवा: १८० ग्रॅम, उपसायला जवळजवळ पुढचा सारा दिवस. म्हणजे एक बैठक अंगातून पुरती उतरते न उतरते तोच दुसरी सुरू. कित्येक वर्षांत या माणसाचे रक्त दारूवाचून असे राहिलेच नव्हते. पण गावात कीर्ती काय? "दादा पितोय खरं, पर कुणाला वाकडा शब्द बोलल्याचं दाखवा. चालतोय बगा, आखल्यावानी सरळ." मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर वाहन चालवणे गुन्हा आहे. हा माणूस रोज सकाळी त्याच्या वरच असणार, आणि मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत असणार. सराव झाल्याने पाऊल सरळ पडते. समोर अचानक पोर आडवे आले तर ब्रेकवर पाय वेळेवर पडतोच असे नाही.

मागे एका आषाढी एकादशीला आईने आणि बायकोने मिळून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे दारू बंद. वारकऱ्यांच्या मुलखात हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याने पुष्कळ संसार सावरले आहेत. त्याला नाव ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. गृहस्थही शब्दाचे पक्के. त्या संध्याकाळी त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात इतके कापू लागले की चहाची बशी तोंडाशी नेता येईना. घाम सुटला, अन्न जाईना, झोप उडाली. घरच्यांनी धीर दिला, "दोन दिस तरास हुतोय, मग बरं वाटंल." तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. "भितीवर किती मुंग्या चढल्यात! झाडा की त्या, पोरांच्या अंगावर याय लागल्यात." भिंत कोरी होती. मग ते बाजेवर बसून ट्रॅक्टर चालवू लागले. एका हाताने गियर टाकताहेत, पायाने क्लच दाबताहेत, मागच्या ट्रॉलीवाल्याला शिव्या देताहेत. घरात बायकोला ओळखेनात. बघता बघता ओटा माणसांनी भरला. बाहेरचे काही लागले, माळ घालताना काही चुकले, अशी कुजबुज झाली आणि देवऋषीला आणायला पोरगे धावले.

गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या आल्या, कपाळाला हात लावून ताप पाहिला, नाडी पाहिली आणि बायकोला एकच प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?" सत्तर-बहात्तर तास झाले होते. बाई म्हणाल्या, "हे भूत न्हाई. अंगातली दारू एकदम काढून घेतल्याचं दुखणं हाय. अंगारा मागनं लावा, आधी गाडी काढा." रात्रीच त्यांना कोल्हापूरला हलवले.

या दुखण्याचे वर्णन इंग्लंडमधल्या थॉमस सटन नावाच्या डॉक्टराने १८१३ सालीच करून ठेवले आहे. दोनशे वर्षे होऊन गेली, तरी आपल्या सुशिक्षित घरांतही ते फारसे ठाऊक नाही. त्याचे वेळापत्रक मोठे नेमके असते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखे झटके. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, थोड्याजणांना, हा भ्रम. मेंदू अजून पूर्ण ताकदीने दोर ओढतोच आहे आणि समोरच्या बाजूला कोणी नाही, अशी ती अवस्था. पूर्वी उपचार नव्हते तेव्हा या भ्रमात सापडलेल्या तिघांतला एक दगावे, अशाही नोंदी आहेत. आज वेळेवर इस्पितळात नेले तर शंभरांत पाचही दगावत नाहीत. शांत खोली, मेंदूची ती उसळी हळूहळू उतरवणारी औषधे, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने. हे ब-१ महत्त्वाचे. जुन्या पिणाऱ्याच्या अंगात त्याचा दुष्काळ असतो. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर असलेला साठाही संपतो आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावून टाका," असे डॉक्टरांना सुचवणाऱ्या नातेवाइकांनी "हे रोज पितात" हेही सांगायला लाजू नये. लपवलेली एवढी एक गोष्ट महागात पडते.

सगळ्यांनाच असे होते का? नाही. आठवड्यात एकदा दोन पेग घेणाऱ्याने श्रावण पाळला तर त्याला काही होत नाही. धोका त्यालाच, ज्याला चढत नाही. म्हणून तर ते वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि एका रात्रीत देशभरची दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. केरळात आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला, तो उच्च न्यायालयाने थांबवला. आपल्याकडे एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसे मेली. चैनीसाठी कोणी हात धुण्याचे औषध पीत नाही. सुरुवात चैनीने झालेली असते हे खरे. पण पुढे एक टप्पा असा येतो की माणूस बरे वाटावे म्हणून पीत नाही, वाईट वाटू नये म्हणून पितो. सकाळी उठल्याबरोबर 'हात स्थिर करायला' एक घोट लागतो, तो हा टप्पा. तोवर शहाणपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांची वेळ टळून गेलेली असते, आणि डॉक्टरची आलेली असते.

शरीराच्या बाकीच्या हानीविषयी फार लिहीत नाही. यकृताचे तर सर्वांना ठाऊकच आहे. एवढेच सांगतो की यकृताची पहिली पायरी, त्यात चरबी साठणे, ही दारू थांबवली तर काही आठवड्यांत भरून येऊ शकते. शेवटची पायरी, ते वाळून दगड होणे, भरून येत नाही. आणि या दोहोंच्या मधल्या वाटेवर बहुधा काही दुखतच नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले ते १९८८ साली. २०१९ या एका वर्षात जगात दारूपायी २६ लाख माणसे मेली, असा त्या संघटनेचाच अंदाज आहे. स्त्रियांनी हेही ध्यानात ठेवावे की बरोबरीने घेतलेला पेला बरोबरीचा नसतो. त्यांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातले प्रमाण अधिक चढते आणि यकृत लवकर बिघडते.

'औषधापुरती' या शब्दाचीही मौज आहे. मुंबई राज्यात १९५०च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आली. वर्षभरापूर्वीच मुंबई राज्यात विलीन झालेल्या कोल्हापूर संस्थानालाही ती लागू झाली, आणि प्रकृतीच्या कारणासाठी परवाने मिळू लागताच किती भल्या भल्या गृहस्थांची प्रकृती नाजूक निघाली! त्याच्याही आधी, १९३९ साली, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला 'ब्रँडीची बाटली' हा चित्रपट काढला होता. औषधासाठी ब्रँडी शोधत वणवण फिरणारा भोळा कारकून दामूअण्णा मालवणकरांनी असा उभा केला की लोक हसून लोळले. ब्रँडीने थंडी पळते ही समजूत मात्र अजून हसण्यावारी गेलेली नाही. ब्रँडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल ऊन लागतात, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. पोराच्या सर्दीला चमचाभर ब्रँडी चोळणाऱ्या किंवा पाजणाऱ्या आज्यांनी कृपा करून ती बाटली ओतून टाकावी.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो बहुतेक भगिनींच्या मनातला. मग आम्ही करावे काय? वर्तमानपत्रांतून, भिंतींवरून जाहिराती असतात: रोग्याच्या नकळत दारू सोडवा, पुडी आमटीत मिसळा. हे भयंकर आहे. त्या पुडीत काय आहे ते पुडीवर बहुधा लिहिलेले नसते. काही नसेल तर पैसे गेले. पण दारू सोडवण्यासाठी खरोखर वापरले जाणारे डायसल्फिरम तिच्यात असेल तर जीव जाईल. या औषधाचा शोध मोठा गमतीचा. डेन्मार्कमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे संशोधक ते जंतांवर चालते का हे पाहत होते. त्यांनी गोळ्या स्वतःवरच करून पाहिल्या. आणि मग साधी दारू घेतली तरी चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ! १९४८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे औषध दारूचे पचन अर्ध्यावर अडवते आणि मधला विषारी पदार्थ अंगात साठतो. ज्याने समजून-उमजून गोळी घेतली आहे तो त्या भीतीने पेल्यापासून दूर राहतो. हाच त्याचा उपयोग. ज्याला आमटीत काय पडले हे ठाऊक नाही, तो नेहमीच्या तीन क्वार्टर घेऊन येतो, रक्तदाब एकदम कोसळतो, आणि बायकोने प्रेमाने वाढलेले ते जेवण शेवटचे ठरू शकते.

त्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे, आणि दारू थांबवण्याच्या आधी जावे, नंतर नव्हे. रोज किती, किती वर्षे, सकाळी हात कापतात का, पूर्वी कधी झटका आला होता का, एवढे कागदावर लिहून न्यावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा हातभार लागला होता. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा महाराष्ट्रात मराठीतून भरतात, आणि घरच्यांसाठी 'अल-अनॉन'च्या वेगळ्या. सरकारचा १४४४६ हा विनामूल्य फोन आहे.

एक गोष्ट मात्र अपेक्षेत धरून ठेवावी. गडकऱ्यांचा सुधाकर एकदा दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे वळतो, हे नाटकातले आपण विसरतो. कोडोलीचे गृहस्थ आठवड्याने घरी आले, सात-आठ महिने ठीक राहिले, आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला पाहुणे जमले तेव्हा पुन्हा बसले. गावाने म्हटले, माळ मोडली, संपले. बायकोने वाद घातला नाही. चौथ्या दिवशी त्यांना त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी दारू अंगातून नीट उतरवली, यकृताची तपासणी झाली, मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून गोळीचे सगळे बरेवाईट सांगितले. आता ते रोज सकाळी चहाच्या आधी तिच्यासमोर गोळी घेतात आणि ट्रॅक्टर काढतात.